जुना ड्रायर बदलताना

• व्हेंटेड: दमट गरम हवा साधारण 4 इंची नळीतून घराबाहेर जाते. किंमत कमी, पण भिंतीला किंवा खिडकीला भोक हवं. नळी लांब, वळणावळणाची असली की कपडे वाळायला वेळ लागतो.

• कंडेन्सर: वाफेचं पाणी होऊन टाकीत जमतं. टाकी दर खेपेला रिकामी करायची किंवा नळी मोरीत सोडायची. खोली तापते.

• हीट पंप: आत एसीसारखा कॉम्प्रेसर, तीच हवा फिरत राहते. तापमान साधारण 50 अंश सेल्सिअस, त्यामुळे कपडे कमी झिजतात. वीज कंडेन्सरच्या जवळपास निम्मी. वेळ आणि किंमत जास्त. युरोपीय संघात 1 जुलै 2025 पासून बाजारात येणारे नवे घरगुती ड्रायर याच प्रकारचे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रोज वापर असेल तर हाच परवडतो.

• वॉशर-ड्रायर: धुण्याची क्षमता 8 किलो लिहिलेली असली, तरी वाळवण्याची बहुधा 5 किलोच्या आसपास. दोन्ही आकडे वाचा.

• ओलावा सेन्सर: कपडे वाळले की यंत्र आपोआप थांबतं. टायमरवाल्यात ही सोय नाही.

• जोडणी: 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

जाळीवर साचणाऱ्या तंतूंमुळे आग लागू शकते. जाळी प्रत्येक वापरानंतर साफ करा.