घोळणे : स्कूबा-सिलिंडरांची अंतःस्वच्छता आणि तिची परिभाषा

प्रस्तुत टिपणाचा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. समुद्रात बुडी मारणारे लोक पाठीवर हवेचे जे सिलिंडर बांधतात ते आतून कसे स्वच्छ करावेत, आणि त्यासाठी लागणारे फिरते यंत्र, ज्यास धंद्यात ‘टंबलर’ म्हणतात, ते विकत घ्यावे की बांधून घ्यावे, हा तो विषय होय. तो येथे येण्याचे कारण असे. आमच्या विभागातील एक विद्यार्थी रोह्याचा आहे. त्याच्या वडीलबंधूंचे धाटावच्या औद्योगिक वसाहतीनजीक लोखंडी जोडकामाचे वर्कशॉप आहे. मालवणकडील एका स्कूबा-केंद्राने त्यांच्याकडे असे यंत्र बांधून देण्याविषयी विचारणा केली व सोबत काही इंग्रजी पाने पाठविली. ती वर्कशॉपातील कामगारांसाठी व केंद्रावरील मुलांसाठी मराठीत उतरविण्याचे काम धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याकडे आले. भाषांतर घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा पहिल्याच वाक्यापाशी आम्ही अडलो. ते वाक्य असे होते : ‘रिकामी टाकी साफ करण्यासाठी यंत्रावर चढवावी.’

या वाक्यातील ‘रिकामी’ आणि ‘टाकी’ हे दोन्ही शब्द घातक आहेत, असे माझे मत झाले. ते का, हे समजण्यासाठी आधी सिलिंडराच्या पोटात काय घडते ते पाहिले पाहिजे.

पोलादी सिलिंडरात साधारणपणे २०० ते २३० बार दाबाने हवा भरतात. भरणाऱ्या कॉम्प्रेसरातील बाष्प नीट गाळले गेले नाही, अथवा बुडी मारताना सर्व हवा संपून समुद्राचे पाणी आत शिरले, तर आतील भिंतीस गंज चढतो. गंजाची पूड व्हॉल्व्हमध्ये व श्वासयंत्राच्या गाळणीत अडकते, हा त्याचा उघड दोष. दुसरा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. गंज चढणे म्हणजे लोखंडाने प्राणवायू घेणे. १२ लिटरच्या सिलिंडरात १० बार दाबाची हवा उरली असेल, तर तीत सुमारे २५ लिटर प्राणवायू असतो. अदमासे ४५ ग्रॅम लोखंड गंजले की त्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ वरून शेकडा १० वर येते. तोच सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेला असेल, तर तेवढाच परिणाम होण्यास त्याच्या वीसपट, म्हणजे जवळजवळ ९०० ग्रॅम लोखंड गंजावे लागेल. धोका भरलेल्या सिलिंडरात कमी आणि ‘रिकाम्या’ म्हणून कोपऱ्यात पावसाळाभर पडून राहिलेल्या सिलिंडरात अधिक, असा हा उलटा हिशेब आहे. शिवाय अशी निकस हवा घेऊन कोणी १० मीटर खोल गेला, तर तेथील दुप्पट दाबामुळे त्यास काहीच जाणवत नाही. वर येताना दाब उतरतो आणि पृष्ठभागाजवळ पोचता पोचता त्याची शुद्ध हरपते.

येथे बेंजामिन ली व्हॉर्फ याची आठवण येणे अपरिहार्य आहे. व्हॉर्फ हा व्यवसायाने आगविमा कंपनीचा तपासनीस होता. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने पेट्रोलच्या पिंपांचे उदाहरण दिले आहे : भरलेल्या पिंपांपाशी लोक जपून वागतात, ‘रिकाम्या’ पिंपांपाशी बेफिकीर होतात, वस्तुतः स्फोटक वाफ असते ती रिकाम्यांतच. व्हॉर्फच्या व्यापक सिद्धांताविषयी मी स्वतः साशंक आहे, आणि वर्गात तसे सांगतोही. परंतु हे एक उदाहरण मात्र त्याच्या टीकाकारांनाही पुसता आलेले नाही. मराठीत तर ‘रिकामा’ या शब्दास निरुद्योगी, निरुपद्रवी अशीही छटा आहे. म्हणून आम्ही तक्त्यातून तो शब्द काढून टाकला आणि तीन अवस्थांना तीन शब्द योजले : भरलेला, उरल्या हवेचा आणि उघडा. ‘उघडा’ म्हणजे हवा सावकाश सोडून व्हॉल्व्ह काढलेला. यंत्रावर चढतो तो उघडाच. ‘उरल्या हवेचा’ सिलिंडर, दमट हवा आत शिरू नये म्हणून, पावसाळ्यात ठेवून देता येतो. मात्र त्या हवेने श्वास घ्यावयाचा नाही, ती सोडून देऊन, आत पाहून, सिलिंडर नव्याने भरावयाचा.

‘टाकी’विषयीची हरकत निराळी आहे. कोकणात ‘टाकी साफ करणे’ म्हटले की पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येते आणि हात ब्लीचिंग पावडरीकडे जातो. क्लोरीनयुक्त द्रव्ये पोलाद व अॅल्युमिनियम या दोहोंनाही खातात. ‘सिलिंडर’ हा शब्द मुळात परका. पण स्वयंपाकघरातील गॅसमुळे त्याच्याभोवती दाबाची व धाकाची जाणीव आधीच साचलेली आहे. तीच आम्हांस हवी होती.

आता यंत्राकडे वळू. त्याची रचना अत्यंत साधी आहे. दोन समांतर रूळ, त्यांपैकी एक मोटारीने फिरणारा, आणि त्यांवर आडवा ठेवलेला सिलिंडर. सिलिंडराच्या पोटात निम्म्यापर्यंत सिरॅमिकचे अथवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे टणक तुकडे भरतात, ते बुडतील एवढे पाणी व थोडे सौम्य साबणद्रव्य घालतात, तोंडास बूच बसवितात आणि काही तास फिरू देतात. तुकडे भिंतीवर घासून गंज सोडवितात. सर्व मर्म आहे ते ‘फिरू देणे’ या साध्या दिसणाऱ्या क्रियेत. कारण तीत तीन वेगळ्या गती दडलेल्या आहेत.

वेग फार झाला तर तुकडे भिंतीला चिकटून तिच्याबरोबर गरगर फिरतात. घर्षण मुळीच होत नाही. वेग त्याहून थोडा कमी असेल तर ते वर चढतात, भिंत सोडून उडतात आणि समोर आपटतात. त्याने गंज निघण्याऐवजी भिंतीस टोचे पडतात. वेग पुरेसा कमी असेल तेव्हाच तुकड्यांचा ढीग एका बाजूस कलून राहतो आणि त्याचा थर एकसारखा खाली घसरत, पुन्हा वर जात, भिंतीशी अंग घासत राहतो. इंग्रजी पानांत या तिसऱ्या गतीस धबधब्याच्या प्रतिमेवरून आलेला शब्द होता. विद्यार्थ्याने त्याचे ‘प्रपातन’ असे भाषांतर केले होते. संस्कृतच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. परंतु धाटावच्या वर्कशॉपात त्याचा काय उपयोग?

याला नेमका शब्द मराठी स्वयंपाकघरात आहे. सुपात धान्य घेऊन जी बाई ‘पाखडते’ आणि जी ‘घोळते’, त्या दोघींच्या मनगटांच्या हालचाली भिन्न असतात. पाखडताना धान्य सूप सोडून वर उडते आणि फोल निघून जाते. घोळताना ते उडत नाही. दाणा दाण्यावर व सुपाच्या अंगावर घसरत फिरतो आणि खडे वेगळे पडतात. लाडू साखरेत घोळतात तो याच अर्थाने, आणि मनात विचार घोळतो तोही : सुटून न जाता, पुनःपुन्हा अंगाला लागत. पेणसारख्या पोह्यांच्या आणि पापडांच्या गावात हा भेद समजावून सांगावा लागत नाही. ‘तुकडे घोळले पाहिजेत, पाखडले जाता कामा नयेत’ या एका वाक्यात यंत्राचा अर्धा शास्त्रार्थ येतो. गंमत एवढीच की सुपात घोळून खडे काढून टाकावयाचे असतात, आणि येथे खडेच कामाचे असतात.

‘घोळणे’ स्वीकारल्यावर यंत्रास ‘घोळयंत्र’ म्हणावे, असे विद्यार्थ्याने सुचविले. मी ते नाकारले. किनारपट्टीवर घोळ हा मासा आहे, घोळ ही पालेभाजी आहे, आणि ‘घोळ घालणे’ म्हणजे काय हे सर्वश्रुतच आहे. नाम ‘टंबलर’ राहू द्यावे. परभाषेतून नामे सहज येतात, क्रियापदे कष्टाने येतात, हे आइनार हाउगेन याने १९५० साली आपल्या भाषिक उसनवारीवरील निबंधात मांडलेच आहे. आपली अडचण यंत्राच्या नावाची नसते, ते काय करते हे सांगण्याची असते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेचे जे मोठे काम झाले, त्यात नामांचा भरणा अधिक आणि क्रियापदांची वानवा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पाखडणे व घोळणे यांमधील सीमा गणिताने काढता येते. तुकडे भिंतीला चिकटून फिरू लागतात तो वेग, दर मिनिटाच्या फेऱ्यांत, ४२.३ या संख्येस आतील व्यासाच्या (मीटरमधील) वर्गमुळाने भागल्यास मिळतो. आतील व्यास १६ सें.मी. असल्यास हे उत्तर सुमारे १०६ फेरे येते. घोळण्यासाठी त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ४० फेरे धरू. सिलिंडराचा बाहेरील व्यास १७.१ सें.मी. आणि रुळाचा ५ सें.मी. असेल, तर रूळ मिनिटास १३७ फेरे फिरला पाहिजे. आणि मोटार १,४४० फेऱ्यांची असल्याने गती साडेदहापट उतरविणारा गिअरबॉक्स लागेल. एवढे गणित भाषाशास्त्राच्या अध्यापकासही जमते. सिलिंडराचा तळ व खांदा नीट घासले जात नाहीत, म्हणून सांगाड्याचे एक टोक उचलून धरण्याची सोय ठेवावी, ही सूचना मात्र वर्कशॉपातील वडीलबंधूंची.

तेव्हा बांधावे की विकत घ्यावे? ज्या केंद्राकडे दहा-पंधरा सिलिंडर आहेत त्याने दोन्हीही करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले. प्रत्येक वेळी घोळल्याने थोडी भिंतही झिजते; म्हणून आत दिवा सोडून पाहिल्यावर गंज दिसला तरच घोळावे, दिवाळीची साफसफाई म्हणून नव्हे. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरास तर याची गरज क्वचितच पडते, आणि त्यात पोलादी छरे घालणे हा निव्वळ अपराध होय. खोल खड्डे पडलेला सिलिंडर घोळून सुधारत नाही. त्याची दाबपरीक्षा करावी लागते, आणि ती गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार मान्यताप्राप्त केंद्रातच होऊ शकते. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. अनेक केंद्रांचे सिलिंडर एकत्र येत असतील, तर मात्र यंत्र बांधून घेणेच शहाणपणाचे. रोह्यात रूळ, बेअरिंग, मोटार यांपैकी काहीही दुर्मिळ नाही. पैसा खर्चावा तो तुकड्यांवर आणि सुकविण्याच्या व्यवस्थेवर.

कारण सर्वांत मोठी चूक यंत्र थांबल्यावर होते. घोळून उघडे पडलेले पोलाद ओले राहिले, तर पाहता पाहता त्यावर पिवळसर थर चढतो, आणि कोकणच्या हवेत तर अधिकच त्वरेने. म्हणून तुकडे काढताच कढत पाण्याने खळखळून धुवावे, सिलिंडर उपडा करून निथळावा आणि नळीने आत गरम, कोरडी हवा सोडावी. मगच व्हॉल्व्ह बसवावा. या ताज्या थराला इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे, आमच्या मसुद्यात नव्हते. ‘सद्योगंज’ असे मी सुचविले. विद्यार्थ्याने ते वर्कशॉपात वाचून दाखविले तेव्हा कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात तो ‘कोवळा गंज’ असे लिहून घेऊन आला. तक्त्यात तेच ठेवले आहे.