तोंडात फोड आले, पण रोग कोणता?

करंजाडे हे पनवेलजवळचे गाव. गावाला लागून आता सिडकोच्या इमारती उभ्या आहेत. समजा, तिथल्या एका घरात तीन वर्षांचे पोर किरकिर करते आहे. काल अंग तापले. आज तोंडात फोड आले. लाळ गळते. भाताचा घास घेत नाही. आजी म्हणते, "उष्णता झाली. तोंड आलंय, दुसरं काय!"

आजी, जरा थांबा. नुसते तोंड आले तर सहसा ताप नसतो. पोराला उजेडात न्या. तळहात आणि तळपाय बघा.

तिथे तांबडे ठिपके किंवा बारीक फोड आहेत? मग हा बहुधा हात-पाय-तोंडाचा रोग. तो विषाणूंमुळे होतो. कधी ढुंगणावरही पुरळ उठते. २०२२ साली केरळात यालाच 'टोमॅटो फ्लू' म्हणू लागले. टोमॅटोचा त्यात काही दोष नव्हता, बरं का! फोड लाल, म्हणून ते नाव पडले. गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, तो रोगही वेगळा. तो गोठ्यातून पोराला लागलेला नाही.

हातपाय साफ आहेत, ताप चढा आहे आणि फोड पडजिभेजवळ आहेत, तर हा त्याच जातीच्या विषाणूंचा दुसरा प्रकार.

हिरड्या सुजल्या असतील, त्यांतून रक्त येत असेल, तर हर्पिसचा संशय घ्यावा. याचे औषध पहिल्या दोन-तीन दिवसांतच चांगले लागू पडते. म्हणून डॉक्टरकडे लवकर जावे. मोठ्या माणसाच्या ओठावर फोडांचा पुंजका उठतो, तोही बहुधा हाच विषाणू. तेव्हा तान्ह्याचा मुका घेऊ नये.

कांजिण्यांचे फोड तोंडातही येतात. पण पोट, पाठ, चेहरा यांवर ते जास्त असतात आणि खाजतात.

रोग कोणता ते चटकन कळले नाही, तरी एक गोष्ट विसरू नका. तोंड झोंबते म्हणून पोर पाणी पीत नाही, आणि अंगातले पाणी आटते. गार पेज, ताक, शहाळ्याचे पाणी चमच्याचमच्याने पाजा. सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोर सुस्त पडले किंवा झोपेत सारखे दचकू लागले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे.

फोड सुकले तरी शौचातून विषाणू काही आठवडे पडत राहतो. पोराला धुतल्यावर आपले हात साबणाने धुवा, मगच भाकरीच्या पिठाला हात लावा.