एमजीबीवाल्यांनो, पेट्रोलचे पाइप तपासलेत का?

एसयू कार्बोरेटरवाली चार सिलिंडरची एमजीबी असेल, तर बॉनेट उघडून आधी रबरी पाइप बघा. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. कार्बोरेटरखालीच तापलेला मॅनिफोल्ड, मध्ये फक्त पत्र्याचं शील्ड. पेट्रोल गळलं तर आग लागायला कितीसा वेळ!

जुनं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याकडे तर आता २० टक्के. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं, काळा भुगा फ्लोट चेंबरमध्ये उतरतो. पाइप वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या की बदलाच. नव्या पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं हवं. स्टीलची जाळीवाला पाइप देखणा दिसतो, पण आतलं रबर कुजलेलं कळत नाही. मला तो अजिबात पसंत नाही.

काम करताना बॅटरी सोडवून ठेवा. पाइप बसले की ती जोडा आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. इलेक्ट्रिक पंप टकटकतो, कार्बोरेटर भरले की गप्प होतो. टकटक थांबलीच नाही, तर चावी लगेच बंद करा आणि गळती शोधल्याशिवाय स्टार्टर मारू नका.