गंजलेल्या अवजारांची निगा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूरजवळ माहुलीचा उंच किल्ला आहे, तर मुरबाड तालुक्यातून माळशेज घाटाचा रस्ता वर चढतो. पावसाळ्यात या भागात २००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत.

भात हे येथील मुख्य पीक. उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतो. त्यासाठी झाडाच्या फांद्या तोडायला कोयता लागतो. पावसाच्या सुरुवातीला नांगराचा फाळ आणि फावडे बाहेर निघते. ऑक्टोबर महिन्यात भात पिकले की विळ्याची पाळी येते. कापणी संपली की विळा पुन्हा कोपऱ्यात जातो आणि जवळजवळ दहा महिने तेथेच पडून राहतो. त्यांतले चार महिने पावसाचे असतात. पुढच्या कापणीला तो हातात घ्यावा, तर त्यावर तांबूस थर चढलेला दिसतो. हाच गंज. उर्दूत आपण त्याला जंग म्हणतो.

गंजलेला विळा नीट कापत नाही. जोर जास्त लावावा लागतो. जोर लावताना हात निसटतो आणि बोट कापते. पीक तर शेतात उभे असते. अवकाळी पाऊस आला तर दाणे गळून पडतात. म्हणून वेळेवर चालणारे अवजार म्हणजे शेतकऱ्याचा अर्धा आधार होय. गंज चढला म्हणून जुने अवजार टाकून द्यावे का? मुळीच नाही. तो कसा काढावा, हे मात्र समजून घेतले पाहिजे.

गंज का चढतो?

लोखंड, हवेतील ऑक्सिजन आणि पाणी हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. यांतले एक जरी नसले तरी गंज चढत नाही. हे तुम्हांला तीन खिळ्यांच्या प्रयोगाने पाहता येईल. पहिला खिळा कोरड्या बाटलीत ठेवून झाकण घट्ट लावा. दुसरा खिळा उकळून थंड केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाण्यावर तेलाचा थर सोडा. उकळल्यामुळे पाण्यातील हवा निघून जाते आणि तेलामुळे नवी हवा आत शिरत नाही. तिसरा खिळा साध्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा. काही दिवसांनी तिसऱ्या खिळ्यावरच गंज दिसेल.

गंजाचा थर भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे निघतात आणि आतील लोखंड पुन्हा उघडे पडते. त्यात ओलावाही साचून राहतो. त्यामुळे गंज आत आत खात जातो. मीठ असले की हे काम आणखी लवकर होते.

आसनगाव किंवा आटगाव स्टेशनवर रेल्वेचे रूळ लक्ष देऊन पाहा. रुळाच्या बाजू तपकिरी असतात, पण वरचा भाग चांदीसारखा चमकतो. गाड्यांची चाके त्यावरून सारखी घासत जातात, म्हणून तेथे गंज टिकत नाही. रोज वापरात असलेल्या कोयत्याचेही तसेच आहे.

गंज काढण्याच्या पद्धती

पहिली पद्धत घासण्याची. विटेची पूड, बारीक वाळू, पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश घेऊन अवजार घासतात. ही पद्धत सर्वांत स्वस्त आहे आणि लगेच करता येते. गंज वरवरचा असेल तर एवढे पुरते. पण खोल खड्ड्यांत बसलेला गंज घासून निघत नाही. फार जोराने घासले तर चांगले लोखंडही झिजते. घासताना डोळ्यांत कण जाऊ नयेत याची काळजी घ्यावी.

दुसरी पद्धत आंबट पदार्थांची. चिंच, लिंबू आणि शिरका यांत सौम्य आम्ल असते. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक आम्ल आणि शिरक्यात अ‍ॅसेटिक आम्ल असते. ही आम्ले गंज विरघळवतात. अवजाराचे पाते शिरक्यात किंवा चिंचेच्या दाट कोळात बुडवून ठेवावे. लाकडी मूठ बाहेर राहू द्यावी. भांडे प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. काही तासांनी पाहावे. गंज जाड असेल तर रात्रभर ठेवावे. खड्ड्यांत लपलेला गंजही या पद्धतीने सुटतो. मात्र आम्ल गंज संपल्यावर लोखंडालाही खाऊ लागते, म्हणून अवजार दिवसेंदिवस तसेच विसरून जाऊ नये. बाहेर काढल्यावर ते सोडा घातलेल्या पाण्याने धुवावे, म्हणजे उरलेले आम्ल निघून जाते. मग ताबडतोब पुसून कोरडे करावे. ओले राहिले तर थोड्याच वेळात ते पुन्हा तांबूस होते.

संडास साफ करण्याचे तीव्र आम्ल मात्र कधीही वापरू नये. त्याने कातडी भाजते, वाफेने डोळ्यांना आणि छातीला त्रास होतो, आणि जवळच्या इतर अवजारांवरही गंज चढतो.

तिसरी पद्धत रॉकेलची किंवा तेलाची. रॉकेल गंज विरघळवत नाही. ते गंजाच्या फटींत शिरते आणि त्याची पकड ढिली करते. म्हणून अडकलेला बोल्ट, कात्री किंवा पान्हा सोडवायला ते उपयोगी पडते. नंतर घासावे मात्र लागतेच. रॉकेल लवकर पेट घेते, म्हणून चूल आणि दिवा दूर असावा.

चौथी पद्धत विजेची. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा मिसळलेले पाणी घेतात. गंजलेले अवजार १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडतात आणि टाकाऊ लोखंडाची पट्टी धन टोकाला. दोन्ही पाण्यात असतात, पण एकमेकांना टेकत नाहीत. वीज वाहू लागली की अवजारावर बुडबुडे येतात आणि गंज सुटू लागतो. चांगले लोखंड मात्र झिजत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. पण धोकाही आहे. बुडबुड्यांतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, शिक्षकांच्या किंवा जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करावे. पाण्यात मीठ घालू नये, त्यातून विषारी वायू निघतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नये, तीही विषारी द्रव्ये सोडते. घरातील वीज थेट पाण्यात सोडणे तर जिवावर बेतते.

काही जण गंज घालवण्यासाठी पाते चुलीत तापवतात. हे चुकीचे आहे. लोहार पाते लालभडक तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा त्याला कठीणपणा येतो. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. तेच पाते चुलीत तापून हळूहळू निवले की ते मऊ पडते. गंज जातो, पण त्याबरोबर धारही टिकेनाशी होते.

कोणती पद्धत निवडावी?

फावडे, कुदळ आणि पहार ही जाड अवजारे आहेत. त्यांना घासणे पुरते. विळा, कोयता आणि खुरपे यांची पाती पातळ असतात. त्यांना आधी शिरक्यात किंवा चिंचेत ठेवून मग हलके घासावे. सांध्यांत अडकलेल्या अवजारांना तेल द्यावे. नक्षीदार किंवा जपून ठेवण्याजोग्या जुन्या वस्तूला विजेची पद्धत चांगली. पाते गंजून चाळणीसारखे झाले असेल तर मात्र लोहाराला दाखवावे.

गंज काढून काम संपत नाही. कोरड्या पात्याला तेलाचा पातळ हात द्यावा, म्हणजे हवा आणि पाणी लोखंडाला लागत नाही. अवजार जमिनीवर न ठेवता कोरड्या जागी भिंतीला अडकवावे. एका कापणीनंतर दिलेला तेलाचा हात पुढच्या कापणीची मेहनत वाचवतो.

दिल्लीत मेहरौली येथे एक लोहस्तंभ आहे. तो सुमारे १६०० वर्षांचा असून त्याची उंची ७ मीटरपेक्षा जास्त आहे. उघड्यावर असूनही तो फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे त्यावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्याने आतील लोखंड राखले. आपल्या विळ्याला असा थर नसतो. तेलाचा हात हाच त्याचा थर!

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. गंजामुळे धनुर्वात होतो, असे लोक म्हणतात. खरे तर धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. चकचकीत पण मातीने भरलेल्या विळ्यानेही तो होऊ शकतो. म्हणून जखम झाली की ती साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. ते गरजेप्रमाणे इंजेक्शन देतील.

शब्दार्थ

निगा – काळजी, देखभाल
पापुद्रा – पातळ पदर
भुसभुशीत – सैल, घट्ट नसलेला
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय

१. गंज चढण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. रुळाचा वरचा भाग का चमकतो?
३. कारण सांगा : पाते चुलीत तापवू नये.
४. तुमच्या घरातील एक गंजलेले अवजार निवडा. त्यासाठी कोणती पद्धत वापराल, ते पाच वाक्यांत लिहा.