पांढऱ्या गळ्याची मुनिया ओळखताना

लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर. पाठ मातकट, पोट पांढुरके, चोच जाड आणि रुपेरी करडी, शेपटी काळी, लांब, टोकदार. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे तिथे डोके खपवू नये. खरी खूण उडताना दिसते: कमरेवरचा पांढरा पट्टा. ठिपकेवाल्या मुनियेची पिल्लेही अशीच मातकट असतात आणि हमखास फसवतात. पण त्यांची चोच गडद, शेपटी तपकिरी.

१७५८ मध्ये लिनियसने हिला ‘लॉक्सिया मलबारिका’ म्हटले. मलबारचे नाव, आणि ओढा मात्र कोरड्या माळरानाकडे, काटेरी झुडपांकडे! पुढे ‘लोंच्युरा’ प्रजातीत गेलेली ही मुनिया आता ‘युओडाइस मलबारिका’ आहे. आफ्रिकेतील ‘युओडाइस कँटान्स’ तिची जवळची बहीण. पूर्वी दोघींना एकच जाती मानत. आफ्रिकन बहिणीची कंबर काळी.

‘फिंच’ म्हणून ओळखली जात असली, तरी खऱ्या फिंचांचे कुल ‘फ्रिंजिलिडी’, हिचे ‘एस्ट्रिल्डिडी’. नात्याने ती सुगरणीला अधिक जवळची, आणि सुगरणीच्या सोडलेल्या घरट्यात बिनदिक्कत संसारही थाटते.