मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण

नवी विहीर बघायची तर बांधकामाआधी. एकदा कडं चढलं की सगळं झाकून जातं. पुरंदरातल्या या विहिरीवर यारी अजून उभी होती आणि चारही अंगांनी खडक उघडा होता.

वर हातभर काळी माती. तिच्याखाली मुरूम, तांबूस-पिवळा, बोटानं उकरला तरी सुटणारा. मग मांजऱ्या. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, म्हणून हा खडक ठिपक्याठिपक्यांचा. कुदळीला तो दाद देतो. त्याखालचा काळा पाषाण मात्र सुरुंगाशिवाय हलत नाही. मांजऱ्या संपून पाषाण सुरू होतो त्या रेघेवर भिंत ओली होती, थेंब थेंब पाझरत होती. खाली पाषाणाला भेगा होत्या, पण कोरड्या.

“पाणी पाषाणाचं नसतंय,” यारीवरचे मामा म्हणाले. “वरच्यातनं येतंय, हा नुस्ता धरून ठेवतोय.”

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग व्यापला आहे. योजना आखताना मात्र हा सगळा एकच ‘खडक’ धरला जातो. मग पाझर तलाव नेमका अखंड पाषाणावर बसतो. पाणी मुरण्याऐवजी उन्हानं उडून जातं. शेततळं मुरमात खोदलं जातं आणि ते गळू नये म्हणून तळाला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. मुरवायचं तिथे अडवतो, अडवायचं तिथे मुरतं! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून राज्यात आहे, म्हणजे हे सांगणारं कुणी नाही असंही नाही.

सगळ्यात जास्त हेळसांड मुरमाची. कायद्यानं तो गौण खनिज, व्यवहारात ब्रासवर विकायचा माल. शंभर घनफुटांचा एक ब्रास. रस्त्याच्या भरावासाठी डोंगराची कूस खरवडली जाते, तिथे उघडा पाषाण उरतो आणि पावसाचं पाणी त्यावरून सरळ ओढ्याला लागतं. रॉयल्टी भरली की हिशेब मिटला. खालच्या विहिरींचं नुकसान त्या पावतीत कुठेच येत नाही.

इथे आडवी बोअर मारायची ठरली होती. मालकाचा आग्रह तळातून मारायचा, तिथे मशीन बसवायला सोपं. मामांनी ओल्या रेघेवर खडूची खूण केली आणि मचाण बांधायला वासे मागवले.