माहूरच्या तांड्या-पोडांपर्यंत इंटरनेट : निर्णय कुठे होतो?

माहूर शहराला नगरपंचायत आहे. माहूरगडाभोवतीच्या डोंगरातली गावे, बंजारा तांडे आणि कोलामांचे पोड ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात.

■ वायर कुठवर? २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेत फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र वा दूरच्या वस्तीला जोडणी देणे हे वेगळे काम. ग्रामपंचायतीतल्या फायबरच्या पेटीची वीज गेली आणि बॅटरी नसली, की फायबर असून नेट बंद.

■ टॉवर : जिथे मोबाइलची रेंजच नाही अशा देशभरातील २४,६८० गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘फोर-जी’ योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे.

■ पैसा : ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात १५व्या वित्त आयोगाचा २०२१-२६ या काळातला ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला, गावाच्या इतर गरजा उरलेल्या ४० टक्क्यांत बसवायच्या. ‘पेसा’ कायद्याखालच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधीही थेट मिळतो.

■ हक्क : २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखले मुदतीत मिळायलाच हवेत. पण आपले सरकार सेवा केंद्रात सर्व्हर लटकला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते ती अर्जदाराची.

■ दुसऱ्या राज्याचा धडा : केरळने २०२३ मध्ये स्वतःचे ‘के-फोन’ जाळे सुरू करताना २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट ठेवले.

■ ग्रामसभेत विचारा : जोडणी चालू आहे का? बॅटरी आहे का? कोणती वस्ती सुटली?